एकच बार ऐकू आला

आर्लीनने वडिलांच्या बंदुकीच्या नळीत गज सोडला आणि तो अडला तिथे अंगठा धरून दोघांना दाखवला. हिकरीच्या त्या गजावर चाकूने कोरलेल्या दोन खुणा होत्या. नळी रिकामी असली की गज पार आत जाई आणि वरची खूण नळीच्या तोंडाशी येई. बार भरलेला असला की गज तीन बोटं वर राही, आणि तोंडाशी यायची ती खालची खूण. आत्ता तोंडाशी खालची खूण होती.

"भरलेली आहे," आर्लीन म्हणाली. "पॅप, तुमची उडालीच नाही."

म्हाताऱ्या एल्वुड शेंकने वाकून त्या खुणेकडे पाहिलं, मग पायाशी पडलेल्या हरणीकडे. सकाळपासून बर्फाची भुरभुर चालू होती आणि हरणीच्या पाठीवरच्या केसांत ती अजून वितळत होती.

"मी उडवली," तो म्हणाला. मग जरा थांबून, "उडवली असं वाटतंय मला."

"घोड्यावरचं कातडंसुद्धा सोडलेलं नाही तुम्ही. हे बघा, बांधलेलं आहे."

चकमक आणि रंजक, म्हणजे वाटीतली पेटवणीची दारू, कोरडं राहावं म्हणून बंदुकीच्या घोड्यावर चरबी चोळलेलं कातडं बांधतात. ते बांधलेलं असताना बार काढणं म्हणजे झाकण न उघडता बरणीतलं लोणचं खाणं. म्हाताऱ्याने ती गाठ बोटाने चाचपली.

"आणि बार मी एकच ऐकला," आर्लीन म्हणाली. "दोन असते तर दोन ऐकले असते. खाली झुडपात होते, पण कान शाबूत आहेत माझे."

आता दोघांनीही तिच्या भावाकडे, ग्लेनकडे, पाहिलं. ग्लेनचा चेहरा लाल झाला होता, थोडा थंडीने, थोडा आनंदाने. सोळा वर्षांत त्याला चकमकीच्या बंदुकीने हरीण मिळालं नव्हतं.

"माझाच बसला, पॅप," तो म्हणाला. "डोळ्यांसमोर धूर, कानात दणका. धूर सरला तर ही पाय झाडत होती. मी तसाच धावलो."

"भरल्याशिवाय धावलास?"

"ती पडली होती ना."

"भरल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही," म्हातारा म्हणाला. हे वाक्य मात्र त्याने अजिबात न अडखळता म्हटलं.

चकमकीच्या शिकारीत असा घोटाळा नवा नाही. या डोंगरातली माणसं वर्षभर दुर्बीण लावलेल्या बंदुका बाळगतात. मग नाताळ झाला, की कडाक्याच्या थंडीत पणजोबांच्या काळच्या ठासणीच्या बंदुका काढतात. त्या निम्म्या वेळा पेटत नाहीत, आणि पेटल्या की एवढा धूर करतात की आपण काय मारलं ते मारणाऱ्यालाच दिसत नाही. आर्लीन खालच्या लॉरेलच्या झुडपांतून हाकारा घालत आली होती. वरच्या सपाटीवर ग्लेन आणि म्हातारा एकमेकांपासून साठ पावलांवर झाडांना टेकून उभे होते. हरणी दोघांच्या समोरून गेली. एक बार झाला, एक हरणी पडली, तिच्या कुशीत एक भोक होतं आणि गोळी आरपार जाऊन बर्फात कुठेतरी गडप झाली होती. ती सापडली असती तरी काही उलगडलं नसतं, कारण दोघांच्याही गोळ्या एकाच साच्यातल्या होत्या.

एरवी यावर दिवसभर थट्टा झाली असती. आज थट्टा करायला कुणाची जीभ रेटली नाही, कारण आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर एक बोलणं झालं होतं.

ते आर्लीननेच काढलं होतं. गेल्या जानेवारीत म्हाताऱ्याने एका नळीत एकावर एक दोन बार भरले होते. तिने सहज गज घालून पाहिला म्हणून कळलं, नाहीतर नळी फुटून त्याच्या तोंडावर आली असती. नोव्हेंबरात तो शेगडी चालू ठेवून कोंबड्यांना दाणे टाकायला गेला आणि तासाभराने शेजाऱ्याच्या कुंपणाशी सापडला. आर्लीन त्याच्यासोबत राहत होती, म्हणून हे सगळं तिला ठाऊक होतं. ग्लेन राहायचा एरीला, चार तासांवर. तो वर्षातून दोनदा येई, आणि दोन्ही वेळा वडिलांना काही झालेलं नाही असं बहिणीला समजावून जाई.

"एवढं तर सगळ्यांचं होतं," तो आदल्या संध्याकाळीही म्हणाला होता. "बंदूक काढून घेतलीस तर त्यांच्याकडे राहील काय?"

"दोन डोळे राहतील," आर्लीन म्हणाली होती.

म्हातारा दोघांमध्ये बसून पावावर सफरचंदाचा मुरंबा लावत होता. सुरी ठेवून तो म्हणाला होता, "भांडू नका. उद्या माझ्या हातून एक चूक झाली, तर बंदूक खुंटीवर. तुम्हा दोघांदेखत सांगतो. झाली नाही, तर पुढच्या हंगामापर्यंत या घरात हा विषय नको."

त्यावर दोघांनी मान डोलावली होती.

म्हणून आता बर्फात उभं राहून तिघंही तेच मनात धरून होते. चूक झाली म्हणजे काय झाली? हरणी समोरून गेली आणि म्हाताऱ्याने कातडंसुद्धा सोडलं नाही. वर, आपण बार काढला असं त्याला वाटतंय. दोन बार भरण्यापेक्षा हे बरं की वाईट, ते ग्लेनला ठरवता येईना.

त्याने खिशातून परवान्याची चिठ्ठी काढली, तारीख आणि ठिकाण लिहिलं आणि ती हरणीच्या कानाला बांधली. पेन्सिल थंडीने नीट उमटत नव्हती.

"अभिनंदन, पोरा," म्हातारा म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. पकड घट्ट होती. "सुरेख मादी आहे. कशी काय आली ती?"

"तुमच्या समोरूनच गेली, पॅप."

"हो. हो, गेली असेल."

हरणी सोलायला खाली आणायची होती. ग्लेन आणि आर्लीनने दोर बांधून ती ओढायला घेतली. म्हातारा मागून दोन्ही बंदुका खांद्यावर टाकून येत होता. मधेच तो थांबला. ग्लेनने वळून पाहिलं तर तो आपला उजवा हात नाकाशी धरून वास घेत होता.

"काय झालं?"

"दारूचा वास येतोय."

"माझी बंदूक तुमच्या खांद्यावर आहे," ग्लेन म्हणाला.

"तेही खरंच," म्हातारा म्हणाला आणि चालू लागला.

लाकडी खोपटामागे ओकचा एक जुना बुंधा होता. ज्याच्या बंदुकीत बार शिल्लक असेल त्याने दिवस संपताना तो त्या बुंध्यात मोकळा करायचा आणि मगच घरात यायचं, हा शेंकांच्या खोपटाचा नियम. त्यामुळे आत चुलीपाशी बसलेल्याला नुसते बार मोजूनही कळायचं, की आज कितीजण हात हलवत परतले. म्हाताऱ्याने कातडं सोडलं, घोडा ओढला आणि चाप दाबला. ठिणगी, रंजक, बार, सगळं एका क्षणात झालं आणि बुंध्याची ढलपी उडाली. बंदुकीत काडीचा दोष नव्हता. आर्लीनने मान दुसरीकडे वळवली. तिला रडू येत होतं, आणि रडायला आपल्याला तोंड नाही असंही वाटत होतं, कारण तिला हवं होतं तेच झालं होतं.

म्हातारा आत जाऊन चुलीपाशी बसला. नव्या वर्षाचा पहिला दिवस, म्हणून पातेल्यात आंबवलेली कोबी आणि डुकराचं मांस सकाळपासून मंद शिजत होतं. त्याने बंदूक पुसली, तेल लावलं, आणि ती भिंतीवरच्या वरच्या खुंट्यांवर ठेवली. रोजच्या वापरातल्या बंदुका खालच्या खुंट्यांवर असत. वरच्या खुंट्यांवर त्याच्या आजोबांची बंदूक होती, आणि ती कुणी कधी काढत नसे.

"झालं," तो म्हणाला. "आता कोबी वाढ कुणीतरी."

ग्लेन ओसरीवर आपली बंदूक साफ करायला बसला होता. त्याने तशाच दोन खुणांच्या आपल्या गजाला ओली चिंधी गुंडाळली आणि नळीत घातली. गज अडला. त्याने जोर दिला, मग चिंधी काढून नुसता गज सोडला. तो पुन्हा तिथेच अडला. नळीच्या तोंडाशी खालची खूण होती.

मग त्याने रंजकाच्या वाटीत बोट फिरवलं. वाटी काळी झाली होती. रंजक पेटलं होतं खरं, पण वाटीतून नळीत जाणारं बारीक भोक ओल्या राखेने बुजलं होतं. वाटीतलं रंजक नुसतं भडकून त्याच्या डोळ्यांसमोर धूर करून विझलं होतं, आणि दारू आणि गोळी सकाळी भरली तशी आत बसली होती. त्याने पुन्हा भरली नव्हती. भरली असती तर गज आणखी तीन बोटं वर राहिला असता, आणि भरली नाही म्हणून तर तो बोलणी खाऊन बसला होता.

पण दणका? खांद्याला बसलेला धक्का? त्याने खांदा चोळून पाहिला. कुठेही दुखत नव्हतं.

आर्लीन हात पुसत बाहेर आली. "जेवायला चल. ते वाट बघतायत."

ग्लेनने बंदूक तिच्याकडे फिरवली. तिने गज पाहिला, अंगठा धरून पाहिला, आणि तिचा चेहरा बदलला.

"मग बार कुणी काढला?" ती हळूच म्हणाली.

"तूच म्हणालीस, एकच ऐकला."

"त्यांची भरलेली होती. मी स्वतः पाहिली. कातडं बांधलेलं होतं."

"मी पडली पडली म्हणून ओरडत होतो. त्यांना यायला किती वेळ लागला, आठवतंय?"

आर्लीन आत गेली आणि म्हाताऱ्याची खांद्याची पिशवी घेऊन परत आली. सकाळी पिशवीत सहा गोळ्या तिने आपल्या हाताने टाकल्या होत्या. हल्ली ती सगळं मोजून देत असे. एक सकाळी नळीत गेली, म्हणजे पाच उरायला हव्यात. तिने पिशवी तळहातावर उलटी केली. चार होत्या.

म्हाताऱ्याने हरणी मारली होती. मग त्याच जागी उभं राहून, साठ वर्षांच्या सवयीने, दारू मोजून घातली होती, चिंधीत गोळी ठासली होती, रंजक टाकलं होतं, कातडं बांधलं होतं आणि मगच पाऊल उचललं होतं. एकही चूक झाली नव्हती. चूक झाली होती ती ग्लेनची.

ग्लेनला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही आनंद झाला. तो उठला.

"थांब," आर्लीन म्हणाली. "कुठे निघालास?"

"सांगायला. पैज त्यांनी जिंकली आहे."

"बंदूक त्यांनी आपल्या हाताने वर ठेवली. मी मागितली नाही, तू मागितली नाहीस. भांडण नाही, काही नाही." ती आवाज चढू न देता बोलत होती. "तू रविवारी जाशील. सोमवारी ते एकटे डोंगरावर गेले तर त्यांच्यामागे कोण जाणार? तू?"

"त्यांची चूक नसताना?"

"आज नव्हती."

तिने खोक्यातला गोळी ओढायचा स्क्रू काढला आणि त्याच्यापुढे धरला. स्क्रू गजाला लावून नळीत फिरवला की तो शिशात रुततो आणि गोळी गुपचूप बाहेर येते. ना बार, ना धूर.

"काढ आणि चल जेवायला," ती म्हणाली. "ग्लेन, मी थकले रे."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. हे त्याला आत्ताच दिसलं. त्याने स्क्रू घेतला, हातात फिरवला. आत म्हातारा पातेल्यावरचं झाकण उघडून वास घेत असावा, झाकणाचा आवाज आला. ग्लेनने स्क्रू ओसरीच्या कठड्यावर ठेवला. मग पिन घालून ते बुजलेलं भोक मोकळं केलं, वाटीत चिमूटभर रंजक टाकलं, आणि बंदूक घेऊन खोपटामागे गेला. आर्लीनने त्याला अडवलं नाही.

बार मोठा झाला. समोरच्या डोंगरावरून तो परत ऐकू आला.

धूर सरायच्या आत मागचं दार उघडलं. म्हातारा दारात उभा होता, एका हातात काटा, गळ्यात रुमाल.

"कुणाची?" त्याने विचारलं.

"माझी, पॅप."

"तुझी कशी? तुझी तर..." तो थांबला. त्याने बुंध्याकडे पाहिलं, मग ग्लेनच्या बंदुकीकडे.

"माझं नुसतं रंजक पेटलं होतं," ग्लेन घाईघाईने म्हणाला. "आत बार तसाच होता. आत्ता गज घातला तेव्हा कळलं. हरणी तुमची आहे. तुम्ही मारलीत, आणि लगेच भरलीतसुद्धा. आर्लीनने गोळ्या मोजल्या, एक कमी आहे. तुम्ही काहीच चुकला नाहीत. मीच गाढव. चिठ्ठीचं उद्या मी त्या वनखात्याच्या माणसाला खरं सांगतो, काय दंड असेल तो भरतो. पण बंदूक खाली घ्या. बोलल्याप्रमाणे."

म्हातारा हसेल, निदान एक सणसणीत शिवी तरी देईल, असं त्याला वाटलं होतं. म्हाताऱ्याने रुमाल गळ्यातून काढला आणि त्याची घडी घातली.

"मी मारली," तो म्हणाला.

"हो!"

"आणि परत भरली."

"हो, पॅप. नियमाप्रमाणे."

"कातडंही बांधलं."

ग्लेनने नुसती मान डोलावली.

म्हातारा पायरीवर बसला. बसताना त्याने दाराची चौकट धरली. "दुपारी मला वाटलं होतं, की मी म्हातारा झालो, डुलकी लागली, हरणी निघून गेली," तो म्हणाला. "ते काही एवढं वाईट नाही. माझ्या बापालाही लागायची." त्याने उजवा हात मांडीवर उलटा ठेवून पाहिला. बोटांच्या बेचक्यांत काळं होतं. "पण हा हात बंदूक भरतो, उडवतो, परत भरतो, आणि मला खबर नाही. समोर आर्लीन होती, ग्लेन. झुडपातून माझ्याच दिशेने येत होती."

हे ग्लेनच्या मनात आलं नव्हतं. मागून आलेल्या आर्लीननेही ते ऐकलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की तिच्याही आलं नव्हतं.

"तुम्ही बघूनच मारली असणार," ती म्हणाली. "तुम्ही कधी न बघता मारली आहे का?"

"बघूनच मारली असणार," म्हातारा म्हणाला. "पण ते मला ठाऊक नाही. तुलाही नाही."

आतून कोबी करपल्याचा वास यायला लागला, तरी कुणी उठलं नाही.

"वर ठेवली आहे ती तिथेच राहू दे," म्हातारा म्हणाला. "हा विषय आता या घरात नको." मग त्याने बाजूची पायरी थोपटली. "बसा दोघं. आणि मला नीट सांगा. साठ वर्षांत मी मारलेलं एकेक हरीण मला पाठ आहे. कुठून आलं, कुठे वळलं, सगळं. हे शेवटचं. हेही हवं मला."

ग्लेनने आर्लीनकडे पाहिलं. तीच आधी बसली.

"वरच्या झऱ्यापाशी तीन होत्या," ती म्हणाली. "दोन उजवीकडे पळाल्या. ही म्हातारीच असणार, चलाख. मला बगल देऊन लॉरेलमध्ये दबून बसली. मी टाळी वाजवली तेव्हा उठली आणि सरळ वर निघाली."

"पळत?"

"नाही. थांबत थांबत."

"हं," म्हातारा म्हणाला. त्याने डोळे मिटले होते.

"सपाटीवर आली तेव्हा मला दिसली," ग्लेन म्हणाला. "कान मागे. तुमच्या बाजूला वळली, त्या जुळ्या हेमलॉक झाडांच्या मधून. तिथे एकदम थांबली आणि तुमच्याकडे बघितलं."

"माझ्याकडे?"

"सरळ तुमच्याकडे."

इथपर्यंत त्याने पाहिलं होतं. इथेच त्याने स्वतःचा चाप दाबला होता, आणि मग सगळीकडे पांढरं झालं होतं. पुढचं एकाच माणसाने पाहिलं होतं, आणि तो डोळे मिटून, मान जराशी वळवून बसला होता.

"मग?" म्हाताऱ्याने विचारलं.